मागचं फाटक

सत्ता ही देवाने माणसाच्या हाती सोपवलेली ठेव आहे आणि तिचा जाब एक दिवस प्रत्येकाला द्यावा लागणार आहे. हे वाक्य आमचे पाळकसाहेब उपवासकाळात दोनदा तरी म्हणत, आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणत. आमच्या मंडळीत ही ठेव नेमकी किती होती ते सांगून टाकतो. ध्वनिक्षेपकाचं बटण, हॉलची किल्ली, आणि अंगणात कुणी गाडी कुठे लावायची हे ठरवण्याचा अधिकार. हे सगळं सेक्रेटरीसाहेबांकडे होतं. पाळकसाहेबांकडे वाक्य होतं.

अंगणाचं महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. कसबा पेठेच्या त्या भागात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला आडवं व्हावं लागतं. तिथे आमच्या चर्चला मोठं मोकळं अंगण आहे. आमच्या पणजोबांच्या काळात ते कुणीतरी कुणाकडून तरी मिळवलं. कसं, ते विचारायची आमच्यात पद्धत नाही. मंडळीतली बहुतेक कुटुंबं आता विश्रांतवाडीला किंवा त्याहून लांब राहतात आणि रविवारी गाडीने येतात. म्हणजे आठवड्यातून तीन तास आम्ही पेठेतले जमीनदार असतो.

अंगणाला पुढे रस्त्यावर मोठं फाटक आहे आणि मागे बोळात उघडणारं लहान. मागच्या फाटकासमोर पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या चाचांचं घर आणि दुकान. त्या फाटकाला पत्रा मारला तो त्यांच्या आजोबांनी. तो गंजला की चाचा येऊन ठिगळ लावून जातात. चाची दोन वर्षं डायलिसिसवर होत्या, सोमवारी आणि गुरुवारी. बोळात रिक्षा येत नाही, आणि बोळाच्या दुसऱ्या तोंडाकडून यायचं तर पायऱ्या, लावलेल्या मोटरसायकली आणि उघडं गटार. म्हणून रिक्षा आमच्या पुढच्या फाटकातून शिरायची, अंगण ओलांडून मागच्या फाटकाला थांबायची आणि चाची चार पावलांत घरी. आमचा वॉचमन कडी काढून ठेवायचा. असं करायचं हे कधी कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून ते सुरळीत चाललं होतं.

मग ते पंचांच्या बैठकीत आलं. मी पंचांपैकी एक. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो म्हणून हिशोब येत असतील, अशा गैरसमजातून मला निवडलं होतं. सेक्रेटरीसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. काही वाहताना दिसलं की ते अडवावं, हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय. त्यांनी मांडलं की मागचं फाटक विटांनी बुजवावं. तिथे भिंतीलगत आणखी गाड्या लागतील, हे एक कारण. खरं कारण वहिवाट. बाहेरची माणसं वर्षानुवर्षं बिनविरोध ये-जा करत राहिली तर उद्या कोर्टात जाऊन तो आमचा हक्कच आहे म्हणतील. मग ही जागा आपली राहील का?

या प्रश्नाला आमच्यात फार जुनी भीती उत्तर देते. आपण थोडे, आपली जागा सगळ्यांच्या डोळ्यांवर, आज एक बाई रिक्षाने गेली तर उद्या सगळी पेठ जाईल. समोरचे चाचाही थोड्यांपैकीच आहेत, हे कुणाला आठवलं नाही. आठवलं असतं तर भीती वाढलीच असती.

चाचींबद्दल सेक्रेटरीसाहेबांनी सहानुभूती व्यक्त केली. मी म्हटलं, "सहानुभूतीतून रिक्षा जात नाही."

"सर, आपण प्राध्यापक आहात," ते म्हणाले. "आपल्याला वाक्यं परवडतात. मला जागा सांभाळायची आहे."

पाळकसाहेब गप्प होते. त्यांची नेमणूक, बदली आणि राहायचं क्वार्टर हे सगळं पंचांच्या, म्हणजे सेक्रेटरीसाहेबांच्या शिफारशीवर चालत होतं, आणि त्यांच्या मुलीची दहावी होती. मत घेतलं. बहुमत भिंतीच्या बाजूने पडलं. माझा विरोध इतिवृत्तात नोंदवला गेला. इतिवृत्तात नोंदवलेल्या विरोधाने आजवर कुठे एक वीट हललेली नाही.

विटा दुसऱ्याच दिवशी आल्या. गवंड्याला ईस्टरनंतरचा सोमवार दिला होता. मी चाचांच्या दुकानावरून गेलो तेव्हा ते पत्र्याची कड ठोकत होते. ठोकणं न थांबवता त्यांनी विचारलं की विटा कशाला आल्यात. मी सांगितलं. आणखी थोडं ठोकून झाल्यावर ते म्हणाले, "आजोबांचा पत्रा काढून घेऊ का मग? भिंतीच्या आत वाया जाईल."

कधीपासून बंद, असं त्यांनी विचारलं. ईस्टर झाल्यावर, मी म्हणालो.

"बरं झालं. सणात तुम्हाला अडचण नको."

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूने शेवटच्या भोजनाआधी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात, त्यांवर बारा मान्यवर बसतात आणि पाळकसाहेब कमरेला टॉवेल गुंडाळून गुडघ्यांवर येतात. हे मान्यवर घरून पाय साबणाने घासून, नवे मोजे चढवून येतात. पाळकसाहेबांना त्रास नको, हा त्यामागचा विचार. एकांनी तर एका वर्षी पावडर लावली होती, परातीतलं पाणी दुधासारखं झालं. नम्रतेच्या या विधीत कोण कुठे बसणार यावरून आमच्यात दोन घराण्यांचं बोलणं बंद आहे. पहिली खुर्ची सेक्रेटरीसाहेबांची. त्या वर्षी दुसरी माझ्या वाट्याला आली होती.

अंगणात त्या दिवशी गाड्या खचाखच होत्या, आरशाला आरसा लागलेला. उपासनेच्या वेळी मागून कुणी शिरू नये म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी, भिंत चारच दिवसांवर असताना, त्याच दिवशी मागच्या फाटकाला नवंकोरं कुलूप घातलं. वॉचमनने म्हणे आठवण केली होती की आज गुरुवार आहे. साहेबांनी त्याला सांगितलं की गुरुवार आहे म्हणूनच.

पितळी परात आली. ऑर्गनवर गीत सुरू झालं. पाळकसाहेबांनी सेक्रेटरीसाहेबांचा उजवा पाय डाव्या हातात घेतला, उजव्या हाताने तांब्या उचलला, आणि बाजूच्या दारातून चाचा आत आले. चपला बाहेर काढून, टोपी नीट करून. आख्खी मंडळी त्यांना ओळखते, पण उपासनेत ते कधी आले नव्हते. भिंतीच्या कडेने ते सरळ पहिल्या खुर्चीपाशी आले आणि वाकले.

"साहेब, फाटकाची किल्ली हवी होती. रिक्षा रस्त्यावर अडकलीय, आत जागा नाही. ती बसलीय रिक्षात. बीपी पडलंय. डोळे मिटतायत."

सेक्रेटरीसाहेब पुढे बघत, ओठ न हलवता म्हणाले, "उपासना चालू आहे. दहा मिनिटं थांबा."

"बरं," चाचा म्हणाले. "तिला सांगतो, दहा मिनिटं." पण ते हलले नाहीत.

तांब्या तिरका झाला नाही. मी शेजारीच होतो, त्यामुळे पाळकसाहेबांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "साहेब, किल्ली द्या."

"पाळकसाहेब, आपण पुढे चला."

"किल्ली द्या. तोवर हा पाय माझ्याकडे आहे."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मग त्यांचा हात पाहिला. घोट्याभोवती बोटं पांढरी पडली होती. हा माणूस घाबरला होता, पाय धरलेल्या माणसापेक्षा जास्त घाबरला होता, आणि सोडत नव्हता. सेक्रेटरीसाहेबांना उठता येईना. एक पाय अधांतरी धरलेला असताना रुबाबाने उठण्याची युक्ती माणसाला अजून सापडलेली नाही. ऑर्गनवाल्या बाईंचं लक्ष पाण्याकडे. पाणी पडेना, म्हणून त्या तेच कडवं पुन्हा घेत होत्या. मंडळीही गात होती, पण मागच्या बाकांवरचा आवाज हळूहळू कमी होत गेला, आणि समोरचे लोक मान उंच करून बघायला लागले. चाचा कुणाकडेच बघत नव्हते. ते दाराकडे बघत होते.

कडवं पुन्हा एकदा सुरू झालं तेव्हा सेक्रेटरीसाहेबांचा हात खिशाकडे गेला. बसल्या अवस्थेत, पाय वर धरलेला, पॅन्ट घट्ट. हात आत जाईना. शेवटी त्यांच्या खिशात हात घालून जुडगा मीच ओढून काढला. माझ्या सार्वजनिक जीवनातलं एवढंच ठोस काम.

मी माझीच खुर्ची उचलून पळालो. तिसऱ्या खुर्चीवरचे डेंटिस्ट माझ्या मागे आले. अंगणातल्या फरश्या एप्रिलच्या उन्हाने अजून तापलेल्या होत्या आणि आम्ही दोघे अनवाणी. रिक्षात चाची एका अंगावर कलंडल्या होत्या, ओठ राखेच्या रंगाचे. त्यांना खुर्चीत बसवून चाचांसह आम्ही तिघांनी उचललं. गाड्यांमधून खुर्ची जाईना. बॉनेटच्या वरून उचलून न्यावी लागली, आणि एका काळ्या गाडीचा आरसा खुर्चीच्या पायाने मुडपला. ती गाडी कुणाची हे पाहायला मी थांबलो नाही, माहीत होतं. चाचींनी माझी बाही पकडली होती. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "पायात काही घाला हो भाऊ. तिकडे काचा आहेत."

काचा होत्या. नवं कुलूप ताठ होतं, किल्ली दोनदा अडली. तिसऱ्यांदा फिरली.

डेंटिस्टनी चाचींना पाय उंच ठेवून आडवं केलं आणि हॉस्पिटलला फोन लावला. दात सोडून कशालाही हात लावण्याची ही आपली पहिलीच वेळ, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. थोड्या वेळाने चाचींनी डोळे उघडले आणि घरात एवढे लोक पाहून चहाचं विचारलं.

आम्ही परतलो तेव्हा विधी आमच्यासाठी थांबला होता. माझ्याजवळ आल्यावर पाळकसाहेबांनी आधी तळवा उलटून पाहिला. त्यांनी तळव्यातली काच नखाने काढली आणि पाय धुतले. परातीतल्या पाण्याला त्या दिवशी प्रथमच काही काम होतं.

गवंड्याला सोमवारी येऊ नको म्हणून निरोप गेला होता, तरी ईस्टरनंतरच्या बैठकीला मी तयारीने गेलो होतो. गरज पडली नाही. सेक्रेटरीसाहेबांनीच सांगितलं की त्यांनी वकिलांना विचारलं. वापर परवानगीने होत असेल तर वहिवाटीचा हक्क तयार होत नाही. तेव्हा समोरच्यांना लेखी परवानगी आणि एक किल्ली द्यावी. परवानगी केव्हाही मागे घेता येते, हेही त्यांनी नमूद केलं. एकमताने मंजूर झालं. न्याय झाला असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या आजोबांनी त्या फाटकाला पत्रा मारला त्यांना आम्ही त्यातून जायची परवानगी दिली. चाचांनी किल्ली घेतली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मग पत्रा राहू दे."

चाची अजूनही सोमवारी आणि गुरुवारी त्याच वाटेने जातात. पाळकसाहेबांची बदली झाली, नियमाप्रमाणे, फक्त नियमापेक्षा एक वर्ष आधी. मुलीची दहावी तोवर झाली होती. निरोपाच्या उपासनेत ते सत्तेचं वाक्य म्हणाले नाहीत. त्या दिवशी ध्वनिक्षेपकही बंदच होता.

विटा परत घ्यायला विक्रेता तयार नाही. त्या भिंतीलगत रचून ठेवल्या आहेत, त्यामुळे अंगणात पूर्वीपेक्षा एक गाडी कमी मावते. सेक्रेटरीसाहेब हल्ली रविवारी रिक्षाने येतात.