समोरच्या आजींची बादली

मुलांनो, तुमच्या बाबांनी मला ज्येष्ठांच्या निवासाचा फॉर्म पाठवला आहे. तो भरण्याआधी तुम्हाला समोरच्या घरातल्या आजींबद्दल सांगायला हवं.

बेसा भागातल्या आमच्या इमारतीत मी दार उघडलं, की जाळीच्या दारापलीकडे त्या भरलेली बादली उचलून दाखवत.

"पाहा वं बाई, एका हातानं!"

मुलगा आणि सून हिंगण्याला नोकरीला. आई एकटी बाहेर पडेल, रस्ता चुकेल, या काळजीपोटी ती दोघं जाताना बाहेरून कुलूप लावत.

बादलीचा सराव अशाच एका निवासाच्या फॉर्मसाठी होता. इंग्रजीतले नियम मीच त्यांना वाचून दाखवले होते: वय साठच्या वर हवं, मुलाची संमती हवी, आणि स्वतःची कामं स्वतः करता आली पाहिजेत.

"अन् खोलीची किल्ली?"

"ती तुमच्याजवळच."

"मंग झालं. मले दुसरं काही नाही पाहिजे."

मुलगा कित्येक महिने सही करेना. "लोक काय म्हणतील, आई?"

"लोकाईले हे कुलूप नाही दिसून राहिलं काय?"

शेवटी त्याने सही केली.

एका रविवारी निवासाच्या मॅनेजरबाई पाहणीला आल्या. मीही होते. आजी इस्त्रीचं लुगडं नेसून तयार. पाणी आणायला उठल्या, तर सुनेने खांदा धरून बसवलं. मुलगा अभिमानाने म्हणाला, "आईला आम्ही साधा ग्लासही उचलू देत नाही."

मॅनेजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. परक्या माणसासमोर शेजाऱ्यांचं नाव राखायचं, एवढंच मला सुचलं. "हो, सून फार करते त्यांचं," मी म्हणाले.

चारचौघांत मुलाला खोटं पाडणं आजींच्याने होईना.

निवासाचं पत्र आलं, तेही मीच वाचलं: अर्जदार रोजच्या कामांसाठी इतरांवर अवलंबून आहेत, प्रवेश देता येत नाही.

"मले कोणी उठू तरी देलं का?" आजी जाळीआडून म्हणाल्या. मग हळूच, "तुमी तरी बोलायचं होतं वं, बाई."

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं, तेव्हा बादली पालथी होती आणि आजी तिच्यावर बसल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मुलगा घर आवरत होता, तेव्हा मी ती बादली मागून घेतली.

माझ्या पाहणीच्या दिवशी तुमच्या बाबांना बोलू देऊ नका. बादली माझ्या न्हाणीघरात आहे. कडी थोडी सैल झाली आहे, पाणी गळत नाही.