नेरचा फोन मशीननं उचलला

माझ्या बायकोला एक गोष्ट ठाऊक नाही, आणि ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आमच्या लग्नाआधी तिला नेर गावचं एक स्थळ आलं होतं. त्यांच्या होकाराच्या फोनसाठी तिचं घर दिवसभर कान लावून बसे. तो फोन आला होता. तो माझ्या मशीननं उचलला. आणि पुढचेही त्यानंच उचलावेत, अशी व्यवस्था मी केली.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. पुसदला एका बियाणं कंपनीच्या केंद्रात मी नोकरीला होतो. कपाशीच्या कोणत्या ओळीला बोंडं किती, माव्याची कीड कुठे जास्त, अशी माहिती आम्ही नागपूरच्या मुख्य कार्यालयाला पाठवायचो. पूर्वी ती एसटीच्या पार्सलनं जाई आणि सुखरूप पोचे. मग कंपनीला सुधारणा सुचली आणि तिनं एक युनिक्स वर्कस्टेशन पाठवलं. जीपमध्ये ते गादीवर निजून आलं आणि सोबतचा इंजिनिअर स्टेपनीवर बसून आला. मोठ्या साहेबांनी आपल्या खोलीतला कूलर काढून मशीनला दिला. त्या दिवसापासून अख्ख्या स्टाफला संगणकाची गोडी लागली. दुपारी जेवणानंतर मशीनशेजारी खुर्ची मिळत नसे.

मी एक छोटा कोर्स केला होता, म्हणून मशीन माझ्या गळ्यात पडलं. गल्ली मला 'कम्पुटरवाले भाऊ' म्हणू लागली. मशीनला मोडेम नावाची एक डबी जोडलेली होती. तिनं टेलिफोनच्या तारेवरून नागपूरला फोन लावायचा, तिकडच्या मशीननं उचलायचा, नाव-पासवर्ड विचारून घ्यायचा, आणि मग साचलेल्या फायली आणि मेल आपोआप इकडून तिकडे. कागदावर झकास होतं. प्रत्यक्षात डबी दोन-चार शिट्ट्या मारी, मिनिटभर गप्प बसे आणि पडद्यावर येई: नो कॅरियर, म्हणजे पलीकडे कुणी नाही.

लगेच पुन्हा लावावं तर सॉफ्टवेअर म्हणे, आत्ताच तर लावला होता, अजून वेळ झालेली नाही. एकदा फोन लागला नाही म्हणून इतका वेळ रुसून बसणारं मशीन मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते रुसणं एका बारक्या फायलीत साठवलेलं असे. ती पुसली की स्वारी पुन्हा तयार. मी केबल बदलली, वेग कमी केला, पासवर्ड तपासला, पुन्हा तपासला. साहेब मागे उभे राहून विचारत, "झालं का?" मी म्हणे, "लाइनमध्ये आवाज आहे सर." लाइनमध्ये आवाज आहे हे वाक्य त्या काळात फार उपयोगी होतं. त्यावर कुणाला काही बोलता येत नसे.

शेवटी नागपूरचा इंजिनिअर वैतागला. म्हणाला, "तुम्ही राहू द्या. आम्हीच लावतो, जमेल तेव्हा. तुम्ही फक्त मोडेम ऑटो-आन्सरवर ठेवा. पहिल्या बेललाच तो फोन उचलेल." म्हणजे आता आम्ही फोन करायचा नाही, नागपूरकडून येईल त्याची वाट पाहायची. थोडक्यात, आम्ही मुलीकडचे झालो.

घोळ इथेच होता. केंद्रात फोन दोन. एक साहेबांच्या खोलीत, त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. दुसरा बाहेरचा, काळा, चकती फिरवायचा. त्याचीच तार मोडेमला दिलेली. पण हा दुसरा फोन नुसता आमचा नव्हता. गल्लीत दुसरीकडे फोन नसल्यानं सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर आमचाच नंबर, पुढे 'पीपी' लावून. फोन आमचा, माणूस शेजारचा. बेल वाजली की आम्ही खिडकीतून हाक मारायची आणि पलीकडून कुणीतरी कणकेच्या हातानं धावत यायचं.

सगळ्यात जवळ काकूंचं घर. मधे फक्त कमरेएवढी भिंत. काकूंची मुलगी बीए झालेली. तीही फोनवर यायची, मैत्रिणीशी बोलायला. अख्खी गल्ली मला भाऊ म्हणे, ती मात्र कधी म्हणाली नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. त्यापलीकडे काही करण्याची माझी हिंमत नव्हती. मी तिच्याकडे न बघता मशीनकडे बघत बसे, आणि मशीनकडे बघण्यासारखं खरंच काही नसे.

त्या श्रावणात नेरचे लोक तिला बघून गेले. मुलगा चांगला, घरची शेती, वागायला सरळ. जाताना मुलाचे वडील म्हणाले, "पोळ्याच्या आत फोन करतो." मुलीकडच्यांनी आपणहून फोन करून विचारणं म्हणजे पोरगी जड झाली असं सांगणं, ते काकूंच्या घरात शक्यच नव्हतं. पोळ्यापर्यंत फोन आला नाही तर समजून घ्यायचं, दुसरं काय.

तेव्हापासून काकू भिंतीला लागूनच तांदूळ निवडू लागल्या.

"आला का भाऊ फोन?"

"नाही काकू."

"आला तं आवाज देजा बरं. मी आंघोळीले असली तरी देजा."

आणि एका दुपारी बेल वाजली. एकदाच, तीही अर्धी. मोडेमनं झडप घातली आणि लांबलचक किंचाळला. त्याच्या स्पीकरमधून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "हॅलो? नेरवरून बोलतो. हॅलो! अरे, कोन बोंबलून राह्यलं तिकडं?" मी रिसीव्हरकडे धावलो, तोवर फोन बंद.

काकू भिंतीवरून वाकल्या होत्या. "बेल वाजली ना?"

खरं बोलायचं ठरवलं असतं तर मशीननं तुमचा फोन खाल्ला असं म्हणावं लागलं असतं. मग ते साहेबांच्या कानावर गेलं असतं, आणि मशीन फोन उचलत का बसलंय, लावत का नाही, इथपर्यंत गोष्ट आली असती. माझ्या तोंडून निघून गेलं, "राँग नंबर, काकू."

ती पहिली थाप घाबरून मारलेली. तिची मला फारशी लाज वाटत नाही.

पुढच्याच दुपारी ती मैत्रिणीला फोन लावायला आली. मी माझ्या रुसलेल्या फायलीशी झटत होतो. तिनं चकती फिरवली. कर्रर्र... टक टक टक टक. पुन्हा कर्रर्र... टक टक. मोडेमच्या शिट्ट्या तिनं रोज ऐकल्या होत्या. हसून म्हणाली, "आम्ही बोट घालून फिरवतो तेव्हा कुठे फोन लागते. तुमचं मशीन नुसतं शिट्ट्या मारते. शिट्ट्या मारून कोणी येत असते काय?"

त्या टक-टकीत मला बिघाड सापडला. आमच्या जुन्या एक्स्चेंजला चकतीचे टक-टक झटके तेवढे कळत. मोडेम मात्र मोठ्या शहरातल्या पद्धतीनं सूर लावून नंबर सांगत होता. समोरच्याला ती भाषाच येत नव्हती. ती गेल्यावर मी डायल करायच्या आज्ञेत एवढा एक बदल केला. डबी टक-टक करू लागली. मग नागपूरची बेल, मग खरखर, आणि पडद्यावर: कनेक्ट. साचलेल्या फायली एकामागून एक निघून गेल्या. एवढा आनंद मला बीएस्सीच्या निकालालाही झाला नव्हता.

आता ऑटो-आन्सरची गरज उरली नव्हती. ते बंद करायचं, फोन पुन्हा गल्लीचा करायचा, की झालं. उद्या नेरचा फोन येईल, काकू पदर सावरत धावत येतील, आणि गल्लीत पेढे वाटले जातील. मलाही एक मिळेल.

मी कूलरसमोरची खुर्ची पुढे ओढली. मग तो बदल पुसला आणि आज्ञा होती तशी करून ठेवली; ऑटो-आन्सर चालूच. बिघाड काढून, हातात धरून, नीट पाहून मी परत जागेवर बसवला.

साहेबांनी विचारलं, "झालं का?"

"लाइनमध्ये आवाज आहे सर."

नेरवाल्यांनी आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा अर्धी बेल, किंकाळी, आणि त्या म्हाताऱ्या बाबांचं हॅलो-हॅलो. दोन्ही वेळा काकू भिंतीवर. दोन्ही वेळा राँग नंबर. शेवटच्या वेळी काकू एवढंच म्हणाल्या, "आजकाल लोकांचे नंबर लय चुकून राह्यले." आणि तांदळाचं सूप घेऊन आत गेल्या. त्यानंतर त्या भिंतीशी बसल्या नाहीत. पोळ्याला त्यांच्या घरी पुरणपोळी झाली, पण काकूंच्या मुलीनं दार लोटून घेतलं होतं.

पोळा उलटल्यावर मी बिघाड 'शोधला'. साहेबांनी पेढे मागवले आणि नागपूरहून माझं कौतुक करणारी मेल आली. ती त्या मशीनवर माझ्या नावानं आलेली पहिली मेल. मी ती वाचून पुसून टाकली.

माझी आई पुढच्या उन्हाळ्यात मागणी घालायला काकूंकडे गेली. फोन नाही, निरोप नाही, थेट माणूस. काकू खूश. म्हणाल्या, "याले म्हणते रीत. नाहीतर ते नेरवाले!"

ते नेरवाले आमच्या संसारात कायमचे राहायला आले. भाजीत मीठ जास्त झालं की नेरवाले. दर पोळ्याला बायकोच्या तोंडी नेरवाले. "एक फोन नाही झाला त्याहीच्यानं. नाही तं नाही म्हणाचं होतं." मी हसायचो. घरात सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचो.

गेल्या वर्षी दारव्ह्याला एका लग्नात तो नेरचा मुलगा भेटला. आता डोक्यावर पिकलेले केस, अंगात पांढरा सदरा, तसाच सरळ. कुणीतरी ओळख करून दिली. बायकोनं तिथल्या तिथे विचारलं, "काहून हो, तुमच्या गावात तेव्हा फोन नव्हते काय?"

तो गोंधळला. "केला होता ना वहिनी. बाबांनी तीनदा केला. उचलला की आत कोनी मांजर कापून राह्यलं असं ऐकू ये. बाबा म्हने, पहिल्याच फोनले जे घर किंचाळते, त्या घरात माणूस कायले पाठवता?"

"पंगत बसली," मी म्हणालो. पंगत बसलेली नव्हती. बुफे होता.

परतीच्या गाडीत ती हसत होती. "मांजर म्हणे! खोटारडा. एवढ्या वर्षांनी तरी खरं बोलाचं." मग माझ्याकडे वळली. "काहो, तुमचं ते मशीन नाही का असंच बोंबले?"

उत्तर द्यायला दारव्हा ते दिग्रस एवढा रस्ता होता. मी म्हणालो, "ते शिट्ट्या मारे. हे मांजर वेगळं."

"हं," ती म्हणाली, आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

ही थाप घाबरून मारलेली नव्हती. त्यावेळी मी तरुण होतो, ती मला हवी होती, असलं काहीही या थापेला लागू पडत नाही. मी साठीकडे झुकलेला माणूस आहे, आणि एका भल्या माणसाला माझ्यासमोर खोटारडा म्हटलं गेलं, तेव्हा मी बुफेची पंगत केली.

आमचा संसार वाईट झाला नाही. नेरला तिचा याहून बरा झाला असता की नाही, ते मला माहीत नाही. पण ते ठरवणं तिचं होतं आणि ते मी एका डबीच्या हवाली केलं.

म्हणून ती पोहे करते आहे तोवर हे लिहून ठेवतो. तिला मी एवढं सांगणं लागतो: फोन आला होता, तीनदा आला होता, आणि तो माणूस खरं बोलत होता. त्या माणसाला मी नेरला जाऊन, तिच्यासमोर, हेच सांगणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.