चौदा किलोंचं ओझं

चंद्रपूरहून गाडी सुटली तेव्हा माझ्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं चौदा किलोंचं एक बेअरिंग होतं. आमच्या खाणीत कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या मुख्य ड्रमचं. ते जळालं आणि पट्टा अकरा तास बंद राहिला. पिशवीत माझा अहवालही होता. त्यातली एकच ओळ कोरी होती : कारण.

संशय देवाजी फिटरवर होता. त्याच्या पाळीत ग्रीस दिल्याची सही रजिस्टरवर नव्हती. विचारलं तर खाली मान घालून एवढंच म्हणाला, "चूक झाली साहेब." त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. ती ओळ माझ्या हातून लिहिली गेली, की त्याच्यावर कारवाई ठरलेली.

सकाळी नर्मदेचा पूल ओलांडला, मग साग आणि बोगदे, आणि भोपाळ. बाग सेवनियात माझी मावसबहीण सुनंदा राहते. तिने पोहे वाढले. वर शेव, बाजूला जिलबी. तिसऱ्यांदा वाढायला लागली तेव्हा मी ताटावर हात धरला.

"अरे, घे ना! इतक्या दुरून आलास," ती म्हणाली, आणि बोटांच्या फटीतून वाढलंच.

तिथून गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात गेलो. आमचा गिअरबॉक्स तिथे दुरुस्तीला होता. तो तपासायला खाणीने मला पाठवलं होतं. रिक्षातून उतरताना गोणपाट फाटलं आणि बेअरिंग घरंगळत चहाच्या टपरीपर्यंत गेलं. टपरीवाला हसला, "साहब, चाय पीने ये भी आएगा?"

कारखान्यातले जोशी मिस्त्री मूळचे उज्जैनचे, सत्तरीचे. गिअरबॉक्सची मापं चोख भरली. मग मी बेअरिंग पुढे ठेवलं. आतला थर काळा, कडक. "ग्रीसच मिळालं नाही याला," मी म्हणालो.

मिस्त्रींनी बेअरिंगकडे पाहिलंच नाही. मी सोबत आणलेलं त्याचं झाकण उचललं आणि त्यातल्या सीलवर (ग्रीस आत अडवणाऱ्या रबरी कडीवर) बोट फिरवलं. "भाऊ, हे सील बाहेरच्या बाजूला ढकललं गेलंय. हे उपाशी नाही मेलं. ठूँसठूँसून (कोंबून कोंबून) भरलंय याला. ग्रीसला हलायला जागा नाही, म्हणून ते घुसळून तापतं. तेल गळून जातं, मागे ही खरवड राहते. ग्रीस किती वेळा देता?"

"दर पाळीला ग्रीसगनचे दहा झटके."

"दर पाळीला? अरे बाप रे! याला पंधरा दिवसांतून एकदा दहा खूप झाले. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"खाणीतल्या फळ्यावर लिहिलंय."

"ते ठीक. लिहिलं कोणी?"

मनात हिशेब झाला : दिवसाला तीन पाळ्या, पंधरा दिवस. दहा हवे होते, तिथे साडेचारशे. बाहेर आलेलं ग्रीस तर आम्ही रोज पुसत होतो.

"मी," म्हणालो.

मिस्त्री हसले नाहीत. माझ्यासाठी चहा मागवला. "काळजीपोटीच केलंत," म्हणाले. "पण मशीनला भूक किती, ते आधी विचारायचं."

परतीच्या गाडीत इटारसी यायच्या आत ती ओळ भरली. कारण : माझी लेखी सूचना. खाली सही केली. सुनंदाने दिलेले लाडू मोजले, चोवीस होते.

खाणीत पोचलो तेव्हा देवाजी नव्या बेअरिंगपाशी उभा होता. मी त्याला अहवाल वाचून दाखवला.

"त्या दिवशी मी ग्रीस दिलंच नव्हतं जी," तो म्हणाला. "हात ठेवला तं चटका बसला. म्हटलं, याले आता काही नको."

"मग सांगितलं का नाहीस?"

"फळ्यावर तुमचं अक्षर होतं साहेब."

मी फळा पुसला. देवाजीने चालत्या बेअरिंगच्या लोखंडी घरावर तळवा ठेवला आणि थोडा बाजूला सरकवला. मी शेजारी माझा ठेवला. दोघांनी तीसपर्यंत मोजलं. हात उचलावा लागला नाही.