घाडीकाकांची हिरवी बॅटरी

डोंबिवली पूर्वेच्या त्या इमारतीत शिवराम घाडींना सगळे घाडीकाका म्हणत. केमिकल कंपनीत फिटर म्हणून उभा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाची पायरी धरतात, यांनी गच्ची धरली. मुलाने, सर्वेशने, पेनाएवढा हिरवा लेझर आणून दिला आणि काका पोराटोरांना तारे दाखवायला लागले. हा अभिजित, हा श्रवण, तो पिवळट शनी. हिरवी रेघ थेट ताऱ्याला जाऊन टेकल्यासारखी दिसे. बिल्डिंगमध्ये तिला ‘काकांची बॅटरी’ असंच नाव पडलं होतं. विमानाचा दिवा दिसला की बॅटरी बंद आणि कुणाच्या डोळ्यांकडे तर चुकूनही नाही, ही शिस्त मात्र कंपनीतली.

काकांच्या पत्नी शेवंतीकाकू शेजारी खुर्ची टाकून बसत. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याने दगा दिलेला. जवळचा उजेड तेवढा कळायचा, लांबचं सगळं काळंभोर. काका हळहळले की म्हणायच्या, “मला काय करायचेत तारे? तुम्ही बघा, मी आपली वाऱ्याला बसलेय.” काकांना ते आत कुठेतरी लागायचं. आपल्या रात्रपाळ्यांच्या काळात जिने एकटीने घर ओढलं, तिला या सुखातला कणभर वाटा देता येऊ नये, ही खंत त्यांना झोपू देत नसे.

कोजागिरी जवळ आली तसा सेक्रेटरी कमलेश उत्साहाने म्हणाला, “काका, सगळी बिल्डिंग वर येणारच आहे. दूध पण होईल, तारे पण होतील!” लगेच नोटीस लागली. आता, ऐन पौर्णिमेला तारे बघायला बोलावणं म्हणजे ढोलताशाच्या शेजारी बसून कुजबुज ऐकणं. काकांना हे कळत होतं. पण फळ्यावर आपलं नाव लागलेलं ते पहिल्यांदाच बघत होते, नाही म्हणवेना.

व्हायचं तेच झालं. चंद्र असा काही तापला की चार-दोन ठिपके सोडले तर आभाळ धुऊन काढल्यासारखं. “काका, तारे सुट्टीवर गेलेत काय?” तळमजल्यावरच्या मितेशने टोला हाणला आणि गच्ची हसली.

काका खजील झाले, पण फिटर माणूस अडला की हत्यार बदलतो. त्यांनी पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली, बुडाशी भोक पाडलं, पाण्यात दुधाचा थेंब टाकला आणि टाकीच्या सावलीत ती कठड्यावर ठेवली. भोकाच्या बरोबर समोरच्या बाजूने लेझर लावला. बाटली हिरवीगार उजळली. भोकातून पडणारी धार वाकली आणि आतला उजेडही तिच्याबरोबर वाकून खाली सांडायला लागला.

पोरं हात पसरून धावली. मितेशही रांगेत घुसला. काकांनी मात्र आधी शेवंतीकाकूंना खुर्चीवरून उठवलं आणि त्यांचा तळवा धारेखाली धरला.

काकू आधी गार पाण्याने दचकल्या. मग मान खाली घालून त्यांनी हात डोळ्यांजवळ आणला, परत धारेखाली नेला. “अहो, हिरवं आहे की हो हे!” बोटं मिटली, उघडली. हात काही निघेना.

“काकू, आमचा नंबर!” मागून पोरं ओरडली.

“थांबा रे,” काकू म्हणाल्या, “मी तर कधीची थांबलेय.”

काकांना आत्ता उमगलं. इतके दिवस ही वाऱ्याला बसत नव्हती तर. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ही बाई हौस गिळून काळोखात सोबत करत होती. देवाचे मानावेत, कमलेशच्या खुळ्या नोटिशीचे मानावेत, की हिचे, कुणाकुणाचे आभार मानावेत त्यांना कळेना.

तेवढ्यात धार बारीक झाली. मितेशने गुपचूप आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि काकूंसाठी कठड्यावरच्या बाटलीत पाणी ओतायला लागला.