ध्यान नको होतं, पट्टी हवी होती

मंडळी, एक सांगा, तुमची अडचण न बघता तुमच्या मनाचं निदान करणारे महाभाग तुम्हालाही भेटतात का? मी आत्ताच शूटिंग रेंजवरून घरी आलेय, डोकं तापलंय.

माझ्या एअर पिस्तुलाला मी वर्षभर शिव्या घातल्या. ट्रिगर इतका पुढे की माझं आखूड बोट जेमतेम टोकानं पोचायचं. दाबला की नळी हलायची आणि छर्रा भलतीकडेच.

आमच्या क्लबात वर्माजी आहेत, रिटायर्ड साहेब. सल्ला मागावा लागत नाही, वाहतच असतो. "मॅडम, पिस्तूल को क्यों कोसती हैं? मन चंचल है आपका. ध्यान कीजिए." बाकीचे पुरुष माना डोलवणार. माझं बोट कुठे पोचतंय, हे एकानंही पाहिलं नाही. सगळ्यांची नजर थेट माझ्या अंतरात्म्यावर!

शेवटी मी मागेपुढे सरकणारी ट्रिगरची पट्टी मागवली आणि आज सकाळी, चहा उकळेपर्यंत, स्वतःच माझ्या बोटाच्या मापानं मागे घेऊन बसवली. बोट पहिल्यांदाच नीट टेकलं. रेंजवर छर्रे एकामागून एक मधोमध! भंगारात काढायला निघाले होते त्या पिस्तुलावर चक्क माया जडली हो.

टार्गेट बघून वर्माजी म्हणाले, "देखा? ध्यान का असर!"

मी म्हटलं, तुम्हीच मारून बघा. त्यांचं लांब बोट त्या ट्रिगरवर मावेना. छर्रा कागदाच्या बाहेर. "इसका ट्रिगर खराब है," ते करवादले.

"पिस्तूल को क्यों कोसते हैं, वर्माजी? मन चंचल है आपका."