दोघांचा रंधा

फोन आला तेव्हा मी कचेरीत होते. सौंसरच्या आमच्या तहसील कचेरीत फोन एकच, तोही बड्या बाबूंच्या टेबलावर, आणि तो वाजला की सगळे माना वर करून बघतात. बाबूंनी ऐकून घेतलं, 'हां, हां' केलं आणि रिसीव्हर ठेवून म्हणाले, "पांढुर्णा से था. आपके भाई नहीं रहे." मी विचारलं, "कौनसे?" हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. पुन्हा फोन जोडून बघितला, तो लागला नाही. मला भाऊ दोन. थोरला देवाजी, म्हणजे आमचा दादा, आणि धाकटा सुखदेव, मी मधली. पांढुर्ण्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी रडायला हवं होतं, पण कुणासाठी रडायचं तेच ठरेना. दादासाठी डोळे भरून आले की वाटायचं, तो जिवंत असला तर? मग सुखदेवची बायको-पोरं डोळ्यांसमोर यायची. शनिवार होता. जामसांवलीला हनुमानाची मंडळी नारळ-हार घेऊन उतरली, बस अर्धी रिकामी झाली, आणि मी आपली दोन्ही भावांना मनातल्या मनात आळीपाळीने मारत आणि जिवंत करत बसले होते...

आमच्या घराला आता दोन तोंडं आहेत. वाटणी झाली तेव्हा अंगणाच्या मधोमध भिंत आली. डावीकडे दादा, उजवीकडे सुखदेव. गल्लीत पोचले तर दोन्ही तोंडांशी गर्दी, त्यामुळे बाहेरूनही काही कळेना. मी दादाच्या बाजूचा पत्रा सरकवून आत शिरले, आणि समोर सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, सुखदेव बसलेला दिसला. सुखदेव जिवंत, म्हणजे दादा गेला, एवढं मनाने जुळवलं. पण तेवढ्यावर मन थांबेना. वाटणीनंतर सुखदेवने भिंतीच्या या बाजूला पाय ठेवला नव्हता. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते. आणि तो तर जमिनीवर, दादाच्या रंध्याशेजारी, घरच्यासारखा बसला होता. दादाला बघायला आतल्या खोलीत जाण्याआधी मी त्यालाच बघत उभी राहिले. अजूनही माझं काहीसं तसंच चाललं आहे.

अबोला दारावरून पडला. वडिलांनी हौसेने बसवलेलं सागवानी दार वाटणीत सुखदेवच्या बाजूला गेलं, आणि दादाच्या वाट्याला आली नुसती चौकट; तिला त्याने पत्रा लावला. एवढंच. मी दोघांनाही विचारून पाहिलं, एकदा नाही, दर खेपेला. दादा म्हणायचा, "त्यानं म्हटलं, दार माह्या हिश्श्याचं हाय. मंग मी काय बोलू?" सुखदेव म्हणायचा, "मी म्हटलं, दार तू घेऊन जाय. थो बोललाच नाही." एकाच अंगणात, एकाच दुपारी झालेलं बोलणं, आणि दोघांनी दोन वेगळी वाक्यं जपून ठेवलेली. खोटं बोलणाऱ्यांतला दोघांपैकी कुणी नाही. भीमजयंतीला मी दोघांना जेवायला सौंसरला बोलवायची. दादा सकाळच्या बसने येऊन जेवून जायचा, सुखदेव संध्याकाळच्या. दोघांनी एका पंगतीत माझ्या हातचं जेवावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि तिच्यापायी मी कितीतरी खीर दोनदा तापवली.

दादा नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर होता. पहाटे आणि संध्याकाळी गावभर हिंडून कोणत्या मोहल्ल्याचा व्हॉल्व्ह किती फिरवायचा, ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण बाकी कोणतीही गोष्ट ठरवायची म्हटली की त्याचं त्रांगडं व्हायचं. वहिनी होती तोवर तीच ठरवायची. ती गेली, पोरंबाळं नव्हती, तेव्हापासून हा माणूस साधी चप्पल घ्यायची तरी बाजारभर सल्ले मागायचा आणि अनवाणी परत यायचा. असा हा माझा भाऊ एक दिवस म्हणाला, "शशे, मी सपरीत सुतारकी सुरू करून राहिलो. दार मीच करतो आता." नोकरी सांभाळून, दुपारच्या मोकळ्या वेळात. आमच्या घरात कुणी सुताराचं अवजार हातात धरलेलं नव्हतं. फळ्या त्याने आधीच आणून भिंतीला टेकवल्या होत्या, करवतही होती. अडलं होतं ते रंध्यापाशी.

रंध्यापायी त्याने आम्हा सगळ्यांना भंडावून सोडलं. लोखंडी रंधा नागपूरला मिळायचा, हातात बसेल एवढा, एकट्याने चालवायचा. तो बघायला दादा दोनदा पॅसेंजरने गेला, दुकानदाराने खालीवर करून दाखवला, आणि हा "सांगतो" म्हणून परत आला. चांगला होता, पण महाग होता. मग कुणीतरी बिजलीवरच्या रंध्याचं त्याच्या डोक्यात भरवलं. तसा एक सौंसरला एका सुताराकडे होता, तो बघायला माझ्याकडे आला. आम्ही गेलो तेव्हा लाइन नव्हती. सुताराने चहा पाजला, लाइनची वाट बघितली, आणि ती आली तेव्हा त्या यंत्राने असा आवाज काढला की दादा दोन पावलं मागे सरला. परत येताना मला म्हणाला, "याचा आवाज पल्याड जाईन." पल्याड म्हणजे भिंतीपल्याड, सुखदेवकडे. मी म्हटलं, "जाऊ दे ना. तुले काय करायचं?" मग मीच निकाल देऊन टाकला. "नागपूरचा लोखंडी घे. थोडा महाग पडन, पण एकट्या माणसाले थोच बरा." त्याने मान हलवली. दादाने मान हलवली की समजायचं, याचं काही ठरलेलं नाही.

आणि घेतला कोणता? जाम नदीच्या पलीकडे सावरगावला एका म्हाताऱ्या सुताराने काम बंद केलं होतं. त्याचा जुना बाभळीचा लाकडी रंधा हा घेऊन आला. चांगला हातभर लांब, जड. मागे मूठ, आणि पुढे आडवी दांडी, दांडीला दोरी. हा रंधा दोघांचा असतो. एकाने मागून ढकलायचं, दुसऱ्याने समोर बसून दोरी ओढायची. मी बघितला आणि माझं डोकंच फिरलं. "अरे, एकटा माणूस तू. दोघांचा रंधा कशाले आणला?"

"स्वस्त भेटला."

"आन् ओढन कोन?"

"पाहू..." तो म्हणाला, आणि दांडीवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसत राहिला.

उन्हाळ्यात माझं पांढुर्ण्याला जाणं झालं नाही. मोठ्या मुलीचं बाळंतपण माझ्याकडे होतं. बाळाला बघायला दादा आला तेव्हा त्याच्या तळव्यांना घट्टे पडलेले दिसले. दाराचं विचारलं तर म्हणाला, "होऊन राहिलं. एक पल्ला झाला." म्हणजे दाराच्या दोन झडपांपैकी एक. मी विचारलं, ओढायला कोण येतं? तो म्हणाला, "येतो एक जन." मला वाटलं, असेल कुणी मजूर. बाळ रडत होतं, दूध उतू जात होतं, मी पुढे विचारलं नाही. तो बराच वेळ बाळाकडे बघत बसला होता, खुशीत होता. पोळा जवळ आला आणि एका पहाटे नळ सोडून घरी आल्यावर छातीत दुखतंय म्हणून तो आडवा झाला, तो उठला नाही.

तो एक जण कोण, ते मला समोरच्या शेवंतामावशींनी पुण्यानुमोदनाच्या दिवशी सांगितलं. भंतेजींचं सुत्तपठण झालं, मंडळी जेवायला बसली, तेव्हा त्या माझ्या कानाशी आल्या. "सुखदेवच तं ओढे. तुले माहीत नाही? भर उन्हाळा दोघंही समोरासमोर बसून राहत." कसं सुरू झालं, तेही त्यांनी बघितलं होतं. दादा एकटाच त्या रंध्याशी झटत होता. रंधा अडायचा, घसरायचा. त्याचा आवाज भिंतीपलीकडे जात होता. संत्र्याचा बहार संपला होता, पेट्या ठोकायचं सुखदेवचं काम बंद होतं, तो घरीच होता. एका दुपारी तो उठला, गल्लीतून फिरून आला, पत्रा सरकवला, समोर बसला आणि दोरी हातात घेतली. "बोलले काय?" मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "नाही वो. एक शब्द नाही. काम झालं का थो उठून जाये."

मी जेवणं टाकून सपरीत गेले. पुरा झालेला पल्ला भिंतीला उभा होता. हात फिरवला तर सगळीकडे गुळगुळीत, आणि मधोमध एक खोल खड्डा, बोट जाईल एवढा. तिथे लाकडात गाठ होती. गाठ आली की रंधा उचलायचा असतो, हे मलासुद्धा त्या सौंसरच्या सुताराने सांगितलं होतं. या दोघांनी उचलला नाही. मी सुखदेवला विचारलं, हे कसं झालं? तो म्हणाला, "मले गाठ दिसली होती. त्यालेबी दिसली असन." मग? "मंग काय... थांब कोन म्हणन?" एक ढकलत राहिला, एक ओढत राहिला, आणि पात्याने चांगल्या सागवानाचा लचका तोडला. त्या खड्ड्यावर बोट ठेवून मला हसू आलं, आणि त्याच हसण्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी रडले.

तेव्हापासून मी गोंधळलेलीच आहे. ही दिलजमाई म्हणायची की नाही? दादाने तो रंधा स्वस्त म्हणून घेतला, की दोघांचा म्हणून? बिजलीच्या रंध्याचा आवाज पल्याड जाईल, हे तो भीतीने म्हणाला होता, की तेव्हाच त्याला तिथून काही सुचलं होतं? एवढा विचार करणारा माणूस तो होता का, हेही मी त्याची बहीण असून सांगू शकत नाही. सुखदेवला विचारलं तर तो खांदे उडवतो. एकदा वाटतं, माझी इच्छा माझ्या पाठीमागे पुरी झाली. लगेच वाटतं, कुठे झाली? एका पंगतीत दोघं जेवले नाहीत ते नाहीतच. दादाला विचारायला हवं होतं, आणि विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "स्वस्त भेटला."

गेल्या रविवारी मी पुन्हा पांढुर्ण्याला गेले. दुसऱ्या पल्ल्याच्या फळ्या तशाच पडल्या होत्या. मी सुखदेवला म्हटलं, चल, हा पुरा करू. तू मागून ढकल, मी ओढते. तो आला, आणि सवयीने समोर जाऊन दांडीपाशी बसला. "मांगं तू बस, बाई," तो म्हणाला. "मले ओढताच येते." मग मी दादाच्या जागी बसले. मूठ धरली तर ती त्याच्या हाताने एका बाजूला झिजलेली लागली. मी ढकललं, सुखदेवने ओढलं. पहिल्यांदा अडला, मग सरकला, सालपट निघालं. दादा रोज दुपारी इथून काय बघत असेल, ते मला तेव्हा दिसलं: धाकट्या भावाची खाली घातलेली मान आणि दोरी गुंडाळलेले दोन हात. आम्ही फळीच्या अर्ध्यावर आलो.

"थांब, बाई," सुखदेव म्हणाला. "गाठ हाय."

मी थांबले. तो मात्र मान वर करेना. दोरी हातातच होती, आणि त्याचे ओठ पुन्हा एकदा हलले, आवाज न करता, त्याच 'थांब'साठी. समोर मी बसले होते, पण तो मला म्हणत नव्हता... थोड्या वेळाने त्याने दोरी सोडली आणि गल्लीतून फिरून आपल्या घरी गेला. रंधा अजून त्या गाठीच्या अलीकडेच आहे.