लॉनची हजामत

“लग्नाच्या आदल्या दिवशी गवत पार मुळापर्यंत खरडायचं, आणि का ते विचारायचं नाय.” हा काकांचा नियम. जालना रोडवर, करमाडच्या अलीकडं, आमचं लग्नाचं लॉन आहे. बुकिंग काका आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, बघतात, गवत माझ्याकडं. दिवसभर सोबतीला फक्त मशीन. किस्से साठतातच. सांगायला माणूस मिळत नाही, एवढंच!

*

बीएस्सी ॲग्री करून आले तेव्हा काकांना समजावलं, “एका वेळी वरचा तिसरा हिस्साच कापायचा. जास्त कापलं की मुळं कमजोर होतात.”

काका म्हणाले, “मग न्हाव्याकडून मी पण एकच गाल करून येऊ का?”

ऑफिसात हशा पिकला. मीही हसले. आणि गवत खरडलं.

*

मे महिन्यात ते पिवळं पडलं. काकांनी वरून हिरवं कारपेट अंथरलं. नवरदेवाचे मामा बूट काढून त्यावर चालले. “वा! काय गवत ठेवलंय!”

काकांनी माझ्याकडं बोट दाखवलं. “पोरगी ॲग्रीवाली हाय ना!”

*

एकदा कापलेले बारीक तुकडे मी गवतातच राहू दिले. त्यांचं खत होतं. अण्णा खराटा घेऊन आले आणि तासभर झाडत बसले.

“चार वर्षं कॉलेज केलं, झाडायचं नाय शिकवलं व्हय?”

*

लग्नात मी कडेला उभी राहून खुर्च्यांचे पाय गवतात रुतताना बघते. एका आजींनी विचारलं, “तू कुणाकडची गं? नवरीकडची का नवरदेवाकडची?”

“गवताकडची!”

त्यांनी शेजारणीला सांगितलं, “लांबच्या नात्यातली दिसते.”

त्या दिवशी ताट घेऊन मी पंपाच्या खोलीत बसले.

*

यंदा पावसाळाभर बुकिंग नव्हतं. मी पातं उंच ठेवून थोडं थोडं कापत राहिले. पहिल्यांदाच गवत दाट झालं. दिवाळीनंतरच्या पहिल्या लग्नाच्या आदल्या दिवशी ऑफिसात काका म्हणाले, “चल, खरडून काढ.”

“आता खरडलं तर मरेल, काका.”

“मरू दे. तुला तरी किती दिवस राहायचंय इथं?”

अण्णांनी मोबाईलमधून मान वर केली नाही.

मी पाना आणला, मशीनचं पातं सोडवलं आणि दोघांच्या मधल्या टेबलावर ठेवलं.

“मी कापणार नाही. तुम्हाला कापायचं असेल तर बसवा.”

काकांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी पात्याकडं. गेटवरून मांडववाला ओरडला, “शेठ, टेम्पो आत घेऊ का?”